केर गडाखाली टाकू नये : रायगड ते महाड, कचऱ्याची गोष्ट

आजचा भाग कचऱ्यावर आहे. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका! इतिहास म्हटला की आपण लढाया, तह, राज्याभिषेक ऐकतो. पण त्या राज्याभिषेकाला जी हजारो माणसं जेवली, त्यांच्या पत्रावळी कुठे गेल्या, हे कोणी विचारत नाही. मला मात्र हल्ली तेच प्रश्न पडतात. आणि महाड-पोलादपूर हा असा भाग आहे, की तिथे या प्रश्नांची उत्तरं डोंगरावर, शेतात आणि एका तळ्याच्या काठावर सापडतात.

तर आज आपण तीनशे वर्षांपूर्वीच्या एका हुकुमापासून निघू, १९२७ च्या महाडमध्ये थांबू, आणि शेवटी तुमच्या घराच्या मागच्या दारी येऊ.

गडावरचा हुकूम

रायगड महाड तालुक्यात आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. १६७४ साली तिथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांत अमात्य होते रामचंद्र नीळकंठ. पुढे संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराबाई असा सगळा काळ या माणसानं पाहिला. आणि १७१५ च्या सुमारास, उतारवयात, त्यांनी कोल्हापूरच्या गादीसाठी राज्यकारभाराचं एक पुस्तक रचलं. तेच 'आज्ञापत्र'. आरमारासाठी आंबा-फणसाची झाडं मालकाला न विचारता तोडू नका, हा प्रसिद्ध नियम त्यातलाच. तो व्हॉट्सअॅपवर दर शिवजयंतीला फिरतो.

पण त्याच आज्ञापत्रात किल्ल्यांच्या प्रकरणात केराबद्दलही हुकूम आहे. तो फारसा फिरत नाही. त्याचा मतलब आजच्या भाषेत सांगतो. गडावरच्या वाटांवर, बाजारात, तटाच्या कडेनं केरकचरा पडू द्यायचा नाही. ताकीद देऊन झाडून घ्यायचा. झाडलेला केर गडाखाली टाकायचा नाही. जागच्या जागी जाळायचा, आणि त्याची राख परसात टाकून घरोघरी भाजीपाला करायचा.

आता जरा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही गडावर राहताय. चारी बाजूंनी सरळ कडा. सूप भरून केर हातात आहे. सगळ्यात सोपं काय? कड्यावरून खाली भिरकावणं. एका झटक्यात नाहीसा! आणि नेमकी तीच गोष्ट करायची नाही, असं हा हुकूम सांगतो.

मला यात तीन गोष्टी दिसतात. एक, कड्यावरून खाली गेलेलं नाहीसं होत नाही. खाली रान असतं, पाणी असतं, गडाच्या घेऱ्यात माणसं राहत असतात. दोन, केराची जबाबदारी जिथे केर झाला तिथेच आहे, म्हणून जागच्या जागी. आणि तीन, शेवटी भाजी आहे. वेढा पडला तर गडावर भाजी पोहोचवणार कोण? म्हणजे केर हा गडाच्या शिबंदीचाच एक भाग झाला.

हे तिन्ही मुद्दे लक्षात ठेवा. कारण पुढची सगळी गोष्ट एवढ्याचीच आहे, की कचरा 'खाली' टाकायचा की नाही, आणि खाली कोण राहतं.

राब, उकिरडा आणि बारा वर्षं

गडावरून उतरून आता गावात येऊ. पोलादपूरच्या बाजूला गेलात तर उतारावर नाचणी आणि वरी, खाली सपाटीला भात. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. एवढा पाऊस पडला की उतारावरच्या मातीतला कस धुऊन जातो. म्हणजे दरवर्षी जमिनीला पुन्हा काहीतरी द्यावंच लागतं. रासायनिक खताची गोणी येण्याआधी हे 'काहीतरी' यायचं कुठून? घरातून, गोठ्यातून आणि रानातून.

घरातलं आणि गोठ्यातलं जायचं उकिरड्यावर. शेण, गोठ्यातली पेंढ्याची गदळ, चुलीतली राख, भाजीचे देठ, झाडलोट. मृगाच्या आधी तो उपसून शेतात जायचा. आज आपण 'उकिरडा' हा शब्द शिवीसारखा वापरतो, पण शेतकऱ्याच्या घरी ती कमाई होती. उकिरड्याचाही बारा वर्षांनी पांग फिटतो, ही म्हण ज्यांनी केली त्यांनी उकिरडा रोज जवळून पाहिला होता. माझी आजी केर काढल्यावर तो 'टाकून ये' असं कधी म्हणायची नाही. 'परसात देऊन ये' म्हणायची. देऊन! क्रियापद बघा.

आणि रानातून यायचा तो राब. भाताचं रोप जिथे तयार करायचं, त्या तुकड्यावर शेण पसरायचं, वर झाडांच्या पानांसकट फांद्या, वर गवत-पातेरा, वर थोडी माती, आणि उन्हाळ्यात ते पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघते, तणाचं बी आणि किडे मरतात, राखेतून पालाश मिळतं, आणि पहिल्या पावसात रोप जोमानं वर येतं. आजही एप्रिल-मेमध्ये एसटीनं या भागातून गेलात तर काळे पडलेले चौकोन दिसतात. ते राब.

या राबावरून इंग्रजांच्या काळात मोठं भांडण झालं. जंगलखात्याचं म्हणणं, हे लोक झाडांच्या फांद्या तोडून रानाची वाट लावतात. शेतकऱ्यांचं म्हणणं, राब बंद केलात तर भात पिकणार नाही, आणि भात पिकला नाही तर सारा कुठून देणार? तक्रारी एवढ्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलांच्या प्रश्नावर एक आयोग नेमावा लागला. कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा, नाव १९८१ मध्ये बदललं. पातेरा आणि शेण यावरून सरकारी आयोग! ज्याला आपण कचरा म्हणतो, त्यावर कोणाचा हक्क, हा त्या काळी पोटापाण्याचा प्रश्न होता.

इथपर्यंत गोष्ट छान वाटते ना? आपले पूर्वज किती पर्यावरणपूरक होते, वगैरे. पण इथे थांबलो तर अर्धाच इतिहास सांगितल्यासारखं होईल. कारण गावात सगळाच कचरा परसात जात नव्हता. काही कचरा माणसांवर टाकला जात होता.

शेण शुद्ध, माणूस अशुद्ध

गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं कोणी? वतनाच्या नावाखाली हे काम महार समाजावर लादलेलं होतं. मोबदला म्हणून बलुतं, आणि बरेचदा शिळंपाकं, उष्टं. मैला उचलण्याचं काम शहरांत आणखी दुसऱ्या जातींवर. म्हणजे जे कुजतं आणि ज्याचा वास येतो, त्याला हात लावायची वेळ आली की ते 'खाली' ढकलायचं. गडाखाली केर टाकू नका, हा हुकूम होता. जातीखाली टाकू नका, असा हुकूम कोणी काढला नव्हता.

तो काढला गेला महाडमध्ये. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, महाडच्या नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस ही आयोजनातली नावं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच पास झाला होता. महाड नगरपालिकेनंही चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला होता. पण ते कागदावर.

२० मार्चला हजारो लोक रांगेनं चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, हे तुम्हाला पाठ्यपुस्तकातून माहीत आहे. पाठ्यपुस्तकात कमी येतं ते परिषदेतलं भाषण. बाबासाहेबांनी तिथे जमलेल्यांना सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, उष्टं-शिळं मागून खाणं सोडा, शेतीकडे वळा. मी हे भाषण कचऱ्याच्या इतिहासातलं फार महत्त्वाचं भाषण मानतो. दुसऱ्यानं टाकलेलं अंगावर घेणार नाही, असं ते सांगत होतं.

त्यानंतर काय झालं? आता हे वीरेश्वराच्या देवळातही घुसणार, अशी अफवा उठली आणि परिषदेहून परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. मग तळं 'बाटलं' म्हणून त्याचं शुद्धीकरण झालं. दूध, दही, गोमूत्र आणि शेण यांच्या १०८ घागरींनी.

इथे क्षणभर थांबू. त्याच तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, त्यावर कोणाची हरकत नव्हती. शेण पाण्यात गेलं की पाणी शुद्ध, आणि माणसाची ओंजळ पाण्याला लागली की पाणी अशुद्ध. कोणती वस्तू घाण आणि कोणती पवित्र, हे ठरवताना नाकाचा किंवा विज्ञानाचा काही संबंध नव्हता. ठरवत होती ती जात.

४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. २५ डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृतीचं दहन झालं. खटला दहा वर्षं चालला, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयानं तळ्यावरचा हक्क मान्य केला. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा तर त्याही पुढे, १९५८ साली आला.

म्हणून कोणी मला म्हणालं, 'चला, पूर्वीच्या गावासारखं जगू या,' तर मी विचारतो, कोणाच्या पूर्वीसारखं? परस हवं, उकिरडा हवा, राखेवरची भाजी हवी. पण ते सगळं उचलणारे हात आपलेच असतील तर.

तुरुंग, इंदूर आणि पुसद

हात आपलेच असावेत, हे कोकणात ज्यांनी करून दाखवलं त्यांचं नाव अप्पासाहेब पटवर्धन. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जायचे. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते, आणि त्यांनी मागणी काय केली? मला भंगीकाम द्या. जन्मानं ब्राह्मण असलेल्या कैद्याला ते काम द्यायला तुरुंगाचा नकार. अप्पांनी अन्नात कपात सुरू केली, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्याच डिसेंबरमध्ये उपोषण सुरू केलं. संडास साफ करायला मिळावा म्हणून उपोषण! पुढे १९४८ साली अप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचं खत होईल अशा संडासांवर वर्षानुवर्षं काम केलं. मैला उचलायला माणूसच लागू नये, तो जागच्या जागी माती व्हावा, हा त्यांचा विचार.

साधारण याच काळात इंदूरला वेगळं काम चाललं होतं. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड. यशवंत वाड हे नाव आपण फारसं ऐकत नाही, पण शेतातल्या टाकाऊ वस्तूंचं खत कसं करायचं, यावरच्या १९३१ च्या पुस्तकावर दोघांचीही नावं आहेत. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. सुका पाला, शेण, गोमूत्राची माती, राख यांचे थर द्यायचे, ओलावा राखायचा, मधूनमधून ढीग उलटापालटा करायचा. तीन महिन्यांत खत. आता ऐका, कोकणवाल्यांसाठी खास गोष्ट : पावसाळ्यात खड्डा करू नका, जमिनीवर ढीग करा, हेही त्या पद्धतीत सांगितलेलं आहे. खड्ड्यात पाणी साठलं की हवा संपते आणि खताऐवजी सडका चिखल तयार होतो.

तिसरं नाव यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचं. नारायण पांढरीपांडे, लोकांचे 'नाडेप काका'. त्यांचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव यांच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून 'नाडेप' खत. विटांचं १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच टाकं, भिंतींना हवेसाठी मुद्दाम सोडलेली भोकं. शेण कमी आणि पालापाचोळा जास्त, हे याचं वैशिष्ट्य. ज्याच्याकडे जनावरं कमी, त्यालाही खत करता यावं म्हणून.

गडावरच्या हुकुमात केर जाळायचा होता. जाळला की राख उरते, म्हणजे पालाश राहतं, पण नत्र आणि कर्ब धुरात जातात. इंदूर आणि पुसदच्या पद्धतींनी तेही मातीत ठेवलं. हुकूम तोच, रीत सुधारलेली. आणि आज कचरा जाळायचा विचारसुद्धा करू नका. १७१५ च्या केरात गवत आणि पानं होती. आपल्या केरात वेफर्सची पाकिटं आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली, ती याचसाठी.

सावित्रीचा उतार

आता पुन्हा महाडला. नकाशा उघडा मोबाइलवर. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपुरात उतरते, महाडला येते, गांधारी तिला मिळते, आणि पुढे बाणकोटला समुद्र. म्हणजे महाबळेश्वरची 'खालची' बाजू पोलादपूर, पोलादपूरची खालची महाड, महाडची खालची बाणकोटची खाडी. वरच्या प्रत्येकाला वाटतं की नदीत टाकलं की गेलं. गेलं म्हणजे खालच्याच्या दारात गेलं.

जुलै २०२१ आठवतो? २२ तारखेला तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. महाड शहर पाण्याखाली गेलं. त्या दरडी कचऱ्यामुळे आल्या असं मी म्हणत नाही, ते कारण वेगळं आहे. मला पाणी ओसरल्यानंतरचं महाड सांगायचंय. रस्त्यांवर चिखल, त्यात भिजलेल्या गाद्या, कुजलेलं धान्य, फ्रिज, कपडे, औषधं, आणि सगळ्याला गुंडाळलेलं प्लास्टिक. अख्ख्या शहराचं घर एका रात्रीत कचरा झालेलं. ते उपसायला बाहेरच्या शहरांतून सफाई कामगारांची पथकं आली आणि चिखलात उभी राहिली.

ही पथकं कोणत्या वस्त्यांतून येतात? केंद्र सरकारनं २०२४ मध्ये संसदेत दिलेली आकडेवारी बघा. देशात गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या ज्या कामगारांची नोंद झाली, त्यांतले दोन तृतीयांशांहून जास्त अनुसूचित जातींमधले आहेत. हातानं मैला उचलण्यावर १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायद्यानं बंदी आली, तरी. महाडच्या त्या भाषणाला २०२७ मध्ये शंभर वर्षं होतील.

तुम्ही म्हणाल, मी देठं आणि सालं बादलीत कुजवली तर जात कशी जाईल? नाही जाणार. पण एक गोष्ट नक्की होते. घंटागाडीवरच्या माणसाला तुमच्या खरकट्यात हात घालून प्लास्टिक वेगळं करावं लागत नाही. ओलं आणि सुकं एकत्र बांधलेली पिशवी म्हणजे आपण सोडलेलं काम. ते काम कोणीतरी करतंच, नाकावर रुमाल बांधून.

मागच्या दारी

शेवटी थोडं करायचं कसं ते. महाड-पोलादपूरच्या पावसाचा हिशेब धरून सांगतो.

झाकणाची एक बादली किंवा जुना ड्रम घ्या. तळाला आणि बाजूंना भोकं पाडा. ती विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा जाईल आणि पाणी निथळेल. जागा पडवीत किंवा पत्र्याखाली, कारण आपल्या पावसात उघड्यावर ठेवलेलं खत वाहून जातं. तळाला सुक्या पाल्याचा जाड थर. मग रोजचं ओलं : सालं, देठं, चहाचा चोथा. त्यावर दुप्पट सुकं : पाला, पेंढा, भाताचं तूस, लाकडाचा भुसा. सुरुवातीला मूठभर जुनं शेणखत किंवा थोडं आंबट ताक घातलं की काम लवकर सुरू होतं. आठवड्यातून एकदा हलवायचं.

दुप्पट सुकं का? कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण ३० भाग कर्बाला १ भाग नत्र लागतं. ओल्यात नत्र जास्त, सुक्यात कर्ब जास्त. वास मारायला लागला तर सुकं वाढवा. मुंग्या लागल्या तर कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. ढीग मोठा असेल तर आतून हाताला चटका बसेल इतका तापतो, घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. मासळीचं आणि मटणाचं बादलीत नको, कुत्री-मांजरं येतील. ते नारळाच्या आळ्यात खोल पुरा. आणि पावसाळ्यात सुका पाला मिळणार नाही, म्हणून मे महिन्यातच दोन गोणी भरून ठेवा. आंबा, ऐन, किंजळ, पानं कसलीही चालतील.

चौघांच्या घरात रोज अर्धा किलो ओलं निघतं असं धरा. वर्षाला १८० किलोच्या वर होतं. हेच डेपोवर हवेविना दाबून सडलं की त्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरतो. बादलीत हवेशीर कुजलं तर दोन-तीन महिन्यांत काळी, भुसभुशीत माती. तिला पहिल्या पावसाचा वास येतो.

आणि हो, घरात हे काम एकट्या आईवर किंवा कामाला येणाऱ्या ताईंवर टाकू नका. तेही 'खाली' टाकणंच झालं. बादली हलवायला पाच मिनिटं लागतात. एवढ्यात एक रील होते.

जाता जाता एक काम देतो. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुमच्या लहानपणी केर कुठे जायचा, शेण कुठे जायचं, आणि ते उचलायचं कोण? उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि आम्हाला पाठवा. तिसऱ्या प्रश्नाला आजी किंवा आजोबा जरा गप्प झाले तर घाई करू नका, रेकॉर्डिंग चालू ठेवा. पुढच्या भागात भेटू.